जुने लष्करी ट्रक व ट्रेलर : घेण्यापूर्वी आणि चालविताना

लष्कराच्या सेवेतून काढलेली जीप, ट्रक अथवा ट्रेलर लिलावात कमी किमतीस मिळू लागला की शेतकऱ्यास त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. उंच बांधणी, जाड पोलाद आणि चारही चाकांना मिळणारा जोर यांमुळे अशी गाडी चिखलाच्या वाटेवर व ओढ्यातूनही निघते. परंतु लष्करात तिच्यामागे शिकलेले चालक, कारागीर आणि सुट्या भागांची कोठारे उभी असतात. मालकाच्या दारी येते ती केवळ गाडी. म्हणून विकत घेण्याची किंमत हा खर्चाचा शेवट नसून आरंभ होय, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

कोणत्या गाड्या आढळतात

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर अमेरिकन विलीज व फोर्ड जीप, जीएमसीचे अडीच टनी दहाचाकी ट्रक आणि कॅनडात बनलेले फोर्ड व शेव्हरले ट्रक भारतात नागरिकांच्या हाती आले. पुढे जबलपूर येथे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून शक्तिमान ट्रक, तर निसानच्या परवान्याने १९६९ पासून जोंगा तयार होऊ लागली. शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली व जोंगाचे १९९९ साली थांबले. यांपैकी पेट्रोलवरील गाड्या इंधन फार खातात. जीएमसी ट्रक एका लिटरला सुमारे ३ किलोमीटर चालतो. रोज बाजारात माल नेण्यास तो परवडणारा नाही.

कागदपत्रे

लष्करी वाहनाची नोंदणी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६० खाली होते. संरक्षणाच्या कामातून वाहन निघाले की बाणाचा क्रमांक संपतो व नागरी नोंदणी आवश्यक ठरते. म्हणून बोली लावण्यापूर्वी विचारावे, की माल चालू वाहन म्हणून विकला जात आहे की भंगार म्हणून? भंगार म्हणून घेतलेल्या गाडीची नोंदणी होईल अशी आशा धरू नये. इंजिन व चौकटीचे क्रमांक विक्रीच्या कागदाशी स्वतः ताडून पाहावेत. मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले असल्यास त्या बदलास परिवहन कार्यालयाची मान्यता आहे काय, तेही पाहावे. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. लष्करी हिरवा रंग नागरी वाहनास देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. तो बदलून घ्यावा. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ साली आलेली विशेष नोंदणी दुचाकींसाठी व खासगी मोटारींसाठी आहे. मालाचा ट्रक तीत बसत नाही.

चाकांचा धोका

युद्धकाळातील अनेक गाड्यांच्या चाकाची लोखंडी धाव दोन अर्ध्या भागांची असून ते भाग नटांनी एकत्र जोडलेले असतात. चाक गाडीस धरून ठेवणारे नट निराळे व धावेचे भाग जोडणारे नट निराळे. हवा भरलेल्या चाकाचे जोड-नट सैल केले तर धावेचा अर्धा भाग उडून समोरील माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून टायर काढण्यापूर्वी वाल्वची पिन काढून सर्व हवा सोडावी. जोड-नटांना तांबडा रंग द्यावा आणि घरातील मुलांसह सर्वांना त्याचा अर्थ सांगावा.

ब्रेक

जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीमार्गातून जाते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यामुळे रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी प्रथमच बदलाव्यात. ब्रेकच्या तेलात इंजिनचे तेल कधीही मिसळू नये, त्याने आतील रबर फुगून निकामी होते. हातब्रेक उभ्या गाडीसाठी आहे. जीपमध्ये तो चाकांवर नसून मागील शाफ्टवर पकड घेतो, म्हणून वेगात असताना तो एकाएकी ओढू नये.

चारही चाकांचा जोर

पुढील चाकांना जोर देणारा दांडा केवळ चिखल, वाळू किंवा मोकळ्या मातीत वापरावा. वळणावर पुढील व मागील चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तसे होत नाही, ताण दातऱ्यांवर येतो, टायर झिजतात व दांडा अडकून बसतो. पक्का रस्ता लागताच दांडा परत घ्यावा.

ट्रेलरचा हिशेब

जीपच्या लष्करी ट्रेलरवर वाहावयाचा भार सुमारे २२५ किलो इतकाच ठरविलेला आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन सुमारे २५० किलो. त्याला चालताना लागणारा ब्रेक नसतो, केवळ उभा ठेवण्याचा हातब्रेक असतो. आता कांद्याची पन्नास किलोची दहा पोती त्यात टाकली तर माल ५०० किलो व एकूण ७५० किलो होतात. जीपचे स्वतःचे वजन ११०० किलोच्या आसपास. उतारावर हे ७५० किलो ब्रेकवाचून जीपला पुढे ढकलतात आणि वळणावर तिची मागील बाजू आडवी फिरवितात. चार पोती हीच मर्यादा समजावी.

भार आसाच्या किंचित पुढे ठेवावा. तो मागे गेल्यास ट्रेलर डोलू लागतो. हुकाची खीळ घट्ट बसवून शिवाय साखळी जोडावी. घाट ज्या गिअरमध्ये चढला जाईल त्याच गिअरमध्ये उतरावा. क्लच दाबून गाडी सोडून देऊ नये. ट्रेलरवर माणसे बसवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

गावात अशी गाडी आली असेल तर मालकास नावे ठेवू नयेत. त्याच्यासमवेत बसून कागद, धावेचे नट, ब्रेकच्या नळ्या व ट्रेलरचा हुक या चार गोष्टी पाहाव्यात. हंगामापूर्वी मोकळ्या मैदानात प्रथम रिकाम्या व नंतर दोन पोत्यांच्या ट्रेलरने गाडी किती अंतरात थांबते, ते पावले मोजून दाखवावे. वाढलेली पावले डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकरी पाचवे पोते आपण होऊन खाली उतरवील.