मूतखडा : शस्त्रक्रिया लागेलच का?

प्रश्न : माझे पती ४२ वर्षांचे. दिवसभर उन्हात द्राक्षबागेत असतात. मूत्रनलिकेत ६ मिलिमीटरचा खडा निघालाय. शस्त्रक्रिया करावीच लागेल का? बिअरने खडा पडतो म्हणतात.
– एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : लगेच नाही. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ६ मिलिमीटरच्या खड्यालाही औषधांवर काही आठवडे वाट पाहता येते. नाही पडला, तर दुर्बिणीतून लेसरने फोडतात. बिअरचा नाद सोडा. जत, माणसारख्या कोरड्या तालुक्यांत घाम फार जातो, लघवी दाट होते आणि खडे धरतात. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मीठ कमी करावे, दूध मात्र तोडू नये. दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मूत्रपिंडाला अपाय होतो. थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.