टॉवेलवरील टाके

आमच्या वसतिगृहातील हस्तकलेच्या तासिकेत भरतकामासाठी आम्ही टॉवेलच घेतो. चिंचोळी एमआयडीसीच्या शेजारी राहून दुसरे कापड कशाला शोधावे? सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मात्र टेरीच्या फासांत सुई अडकते, बारीक टाका बुडून जातो. म्हणून नक्षी काठाजवळच्या सपाट विणीच्या पट्टीवरच काढावी. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर ओवावेत. फांदीला देठाचा टाका, पाकळीला लेझी डेझी, कडेला काजटाका. धावदोरा शिकवावा लागत नाही. आजीच्या गोधडीवर मुलींनी तो पाहिलेला असतो, पण त्याला 'कला' मानावयास त्या तयार नसतात. जुन्या लुगड्यांचे थर वर्षानुवर्षे धरून ठेवणारा हाच टाका आम्हांस सर्वांत कसदार वाटतो.

गतवर्षी एका मुलीने पांढऱ्या टॉवेलवर लाल दोऱ्याने आईचे नाव भरले. पहिल्याच धुण्यात रंग पसरला. दोरा आधी भिजवून पाहा, हे आम्ही सांगितलेच नव्हते, चूक आमची. आता प्रत्येक लडी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून पाहिल्यावाचून पेटीत जात नाही. तिची आई चिंचोळीत कामाला जाते. डबा आजही त्याच गुलाबी डागाच्या टॉवेलात बांधते.