डोळ्यांसाठी खोली बांधताना

पुण्यात मी डोळा आणि पाहणं या विषयावर मांडणशिल्पं करते. कधी पेठेतल्या वाड्याची रिकामी खोली मिळते, कधी शाळेचा हॉल. सामान साधंच असतं : प्लायवुड, काळं कापड, दिवे. काम खरं घडतं ते येणाऱ्याच्या डोळ्यात, आणि त्या डोळ्याला वेळ दिला नाही तर काहीच उभं राहत नाही. एवढ्या वर्षांत जे हाती लागलं ते लिहिते.

१. अंधारात आणण्याआधी थांबवा. लक्ष्मी रस्त्यावरच्या उन्हातून आलेल्या माणसाची बाहुली २ मिलिमीटरवरून ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पण तेवढ्याने आत येणारा प्रकाश फार तर सोळा पट वाढतो. मोठं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात, आणि उन्हात खर्ची पडलेलं त्यांचं रंगद्रव्य पुन्हा भरायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून मी प्रवेशाचा बोळ वळणाचा ठेवते, तिथे बाक आणि मंद लाल दिवा. खोल लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. दिनकर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा होता, आणि त्यांनी उभ्या केलेल्या संग्रहालयातले दिवे पाहताना मला नेहमी वाटतं, एका वातीच्या उजेडात घर चालवणाऱ्यांचे डोळे रोज संध्याकाळी असेच सावकाश तयार होत असणार.

२. भोक किती मोठं, यावर सगळं ठरतं. खिडकी काळ्या पुठ्ठ्याने बंद केली आणि एकच भोक ठेवलं की समोरचा रस्ता पलीकडच्या भिंतीवर उलटा उतरतो : रिक्षा वर, आभाळ खाली. २-३ मिलिमीटरच्या भोकाने चित्र रेखीव येतं, पण इतकं अंधुक की अधीर माणूस निघून जातो. सेंटिमीटरभर केलं तर उजळ, कडा मात्र विरघळतात. मी मोठं भोक ठेवते. मुलं विचारतात, “ताई, रस्ता उलटा का?” त्यांना सांगते, तुमच्या डोळ्यातही तो असाच उलटा पडतो. मग ती बराच वेळ हलत नाहीत.

३. कड लपवायला शिका. पुणे विद्यापीठाच्या आवारात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र जरूर पाहा. भिंतीला खाली काळा बेसाल्ट, त्यावर काळा कडप्पा आणि माथ्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट. त्या ग्रॅनाइटमध्ये ढग उतरतात आणि भिंत कुठे संपते ते नजरेला सापडत नाही. डोळा कडांवरून जग जुळवतो, त्यामुळे कड काढून घेतली की तो जागा होतो. मांडणशिल्प शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिथे पाठवते.

४. न दिसणंही मांडता येतं. दृष्टिमज्जा जिथून डोळ्याबाहेर जाते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एद्म मारिओत या फ्रेंच अभ्यासकाने १६६० च्या दशकात हे दाखवलं. भिंतीवर फुली काढा, तिच्या उजवीकडे साधारण ८० सेंटिमीटरवर, फुलीपेक्षा जरासा खाली, तांब्या ठेवा. तीन मीटरवर उभं राहून डावा डोळा झाका आणि फक्त फुलीकडे बघा. थोडं पुढेमागे सरकलं की तांब्या नाहीसा होतो आणि त्याजागी भिंतीचाच रंग दिसतो. मेंदूने जागा भरून काढलेली असते. माझ्या सगळ्या कामांत लोक सर्वांत जास्त इथेच रेंगाळतात.

५. फसलेली नजर पायांनाही फसवते. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या १९९२ च्या ‘डिसेंट इन्टू लिम्बो’मध्ये जमिनीतला खड्डा सपाट काळ्या वर्तुळासारखा दिसतो. २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या एका संग्रहालयात एक प्रेक्षक त्यात पडला. दोरी, कठडा आणि सोबतीला माणूस, यांत काटकसर नको.

६. प्रत्येकाच्या डोळ्याला विचारा. एका आजोबांच्या एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पांढऱ्या पडद्यासमोर आळीपाळीने डोळे झाकत ते म्हणाले, “बाळ, या डोळ्याने हा निळसर दिसतो, आणि याने जुन्या कागदासारखा पिवळा.” वयानुसार भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, ते बदललं की तो पुन्हा आत येतो. तेव्हापासून त्या पडद्याशेजारी मी डोळा झाकायची पट्टी आणि एक वही ठेवते. दोन रकाने असतात, डावा आणि उजवा. ज्याला जो रंग दिसेल तो त्याने लिहायचा.