पोट फळीसारखे ताठ झाले तर

पोट दुखू लागले की आपल्या घरी पहिली आठवण होते ती एरंडेलाची. पोट साफ झाले की बरे वाटेल, असे वडीलधारी सांगतात व पुष्कळदा तसे होतेही. पण एका दुखण्यात हेच एरंडेल घातक ठरते. त्याविषयी आज लिहीत आहोत.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या शिरतात तेथे स्नायू कमजोर असतात. उतारवयात त्या जागी आतले अस्तर बाहेर फुगून लहान लहान पिशव्या होतात. सायकलच्या जुन्या टायरला चीर गेली की ट्यूबचा फुगा बाहेर येतो, तसाच हा प्रकार. डॉक्टर यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. पुष्कळांना त्या असतात, पण जन्मभर त्रास होत नाही. काहींच्या पिशवीला सूज येते. मग बहुधा डाव्या ओटीपोटात दुखते, ताप येतो. उजवीकडे दुखले तर अपेंडिक्सचा संशय येतो.

क्वचित पिशवी फुटते आणि आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत पसरते. एकाएकी सगळे पोट दुखू लागते, फळीसारखे ताठ होते, हात लावू देत नाही. मुतखड्याचा रोगी तळमळतो, सारखी कूस बदलतो; हा मात्र निश्चल पडून राहतो, कारण खोकल्यानेही कळ येते. हा फरक ध्यानात ठेवावा. पुष्कळदा हा पहिलाच झटका असतो. म्हणून "यांना पोटाची तक्रार कधीच नव्हती" असे म्हणून थांबू नये.

आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की उशीखाली गुडघेदुखीच्या गोळ्या दिसतात, दुकानातून परस्पर आणलेल्या. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या व स्टिरॉइड यांनी पिशवी फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय स्टिरॉइडमुळे दुखणे झाकले जाते. म्हाताऱ्या माणसाचे पोट तर कधी ताठही होत नाही.

अशा वेळी एरंडेल, एनिमा, पोट चोळणे काही नको. तोंडाने अन्नपाणी देऊ नये. जेथे शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात तातडीने न्यावे व चालू गोळ्या सोबत न्याव्यात. सर्जन बहुधा आतड्याचा फुटका भाग काढतात आणि कधी वरचे टोक पोटावर आणून तेथे पिशवी लावतात. फ्रेंच सर्जन हार्तमान यांनी ही रीत १९२१ साली मांडली. घरचे पिशवी पाहून घाबरतात. पण पुष्कळांचे आतडे काही महिन्यांनी पुन्हा जोडता येते.

भुईमुगाचे दाणे पिशवीत अडकतात, ही भीती मात्र सोडावी. अमेरिकेत ४७,२२८ पुरुषांची १८ वर्षे पाहणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात दाणे वा मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळला नाही.