मोटारीच्या ब्रेकांची घरगुती परीक्षा

बैल गाडीस जुंपण्यापूर्वीं त्याचा खांदा व खूर पाहावे, हें शेतकऱ्यास शिकवावयास नको. परंतु तोच शेतकरी मोटारींत बसतांना डिझेलचा कांटा तेवढा पाहतो आणि बाजारगांवाची वाट धरतो. गाडी चालली नाहीं तर फार तर खोळंबा होतो. ती थांबली नाहीं तर जीव जातो. यास्तव ब्रेकांतील दोष घरच्या घरीं कसे ओळखावे, कोणते आपण दुरुस्त करावे व कोणते करूं नयेत, याचा विचार येथें केला आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतों. माझ्या जुन्या जीपचें ब्रेक-ऑइल तीन महिने थोडथोडें कमी होत असे. दर वेळीं तें वरून भरावें व निश्चिंत व्हावें, असा माझा क्रम होता. अखेर एका बाजाराच्या दिवशीं नाल्याच्या उतारावर पेडल एकदम तळास टेकलें. खालचा गिअर व हॅण्डब्रेक यांच्या साहाय्यानें गाडी बांधास लागून कशीबशी थांबली. मागील डाव्या चाकाच्या ड्रममधील सिलिंडर गळत होता व लायनर ऑइलनें भिजले होते. ज्यानें उभें आयुष्य वसुलाच्या हिशेबांत घालविलें, त्यानें शिलकेंत तूट दिसली असतां खुलासा न मागतां पदरची रक्कम घालून ती भरून काढावी, तशांतलाच हा प्रकार झाला.

रचना

पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या ऑइलवर दाब देतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व बाजूंस सारखा पोंचतो, या पास्कलच्या नियमाप्रमाणें तो नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. पुष्कळ गाड्यांत पुढील चाकांस डिस्क असून दोन पॅड तिला चिमट्याप्रमाणें धरतात. मागें ड्रम असून त्यांत लायनर आंतून बाहेर रेटले जातात. हें ऑइल डिझेलप्रमाणें जळून खर्च होत नाहीं. म्हणून टांकींतील पातळी उतरली तर कारणें दोनच: एक तर पॅड किंवा लायनर झिजून दट्टे पुढें सरकले आहेत, नाहीं तर कोठें तरी गळती आहे. पहिलें कारण सावकाशीचें, दुसरें प्राणघातक. दोहोंचा निवाडा केल्यावांचून वरून ऑइल भरणें म्हणजे दोष झांकून ठेवणें होय.

गळती शोधतांना चाकांची आंतली बाजू, रबरी नळ्या, नळ्यांचे सांधे व पेडलाच्या वरील भाग ओला आहे काय, तें पाहावें. रबरी नळीस भेगा पडल्या किंवा फुगवटा आला असेल तर ती गळत नसली तरी बदलावी.

पायाची साक्ष

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांस दगड लावावे व पुढील लक्षणें पाहावीं.

(१) पेडल मऊ, स्पंजासारखें लागल्यास नळींत हवा शिरली आहे असें समजावें.

(२) पाय अर्धा मिनिट स्थिर दाबून धरला असतां पेडल हळूहळू खालीं जात असेल, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचें आंतील रबर झिजलें आहे.

(३) पहिल्या दाबास पेडल खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबास वर येत असेल, तर बहुधा मागील लायनर व ड्रम यांत अंतर वाढलें आहे.

(४) पेडल दगडासारखें कठीण लागल्यास बूस्टरची परीक्षा करावी. इंजिन बंद असतां पेडल चार-पांच वेळां दाबावें, मग दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर ठीक. मुळींच हललें नाहीं तर बूस्टर अथवा त्याची हवेची नळी निकामी.

(५) ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढत असेल तर आधीं टायरांतील हवा मोजावी. ती सारखी असल्यास एका चाकाचा दट्ट्या अडकला आहे किंवा लायनरास ऑइल लागलें आहे.

(६) बारीक किंचाळणें हें पुष्कळदा पॅड संपत आल्याची सूचना असते. खरखर म्हणजे लोखंड लोखंडास घांसत आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊं नये.

(७) मंद ब्रेक लावतांना पेडल धडधडत असेल तर डिस्क असमान झिजली आहे. मात्र एबीएस असलेल्या गाडींत जोराचा ब्रेक लावतांना पायास बसणारे झटके हा दोष नव्हे.

(८) प्रवासानंतर एकच चाक फार तापलेलें आढळल्यास तेथील ब्रेक सुटत नाहीं. हात जवळ न्यावा, लावूं नये.

ऑइलविषयीं

टांकीच्या झांकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें लिहिलेलें असतें, तेंच वापरावें. इंजिन-ऑइल किंवा रॉकेल घातल्यास रबरें फुगून सर्व यंत्रणा बिघडते. हीं ऑइलें हवेंतील ओलावा शोषतात. डॉट ४ नवें असतां किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं; ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊं शकते. घाटांत सतत ब्रेक दाबल्यानें तें उकळतें, वाफ होते व पेडल खालीं जातें. यासाठीं सुमारें दोन वर्षांनीं, किंवा गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल त्याप्रमाणें, तें बदलावें. बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरूं नये.

घरीं काय करावें

पुढील पॅड बदलणें माहितगारास साधण्यासारखें आहे. केवळ जॅकवर विसंबूं नये. खालीं भक्कम घोडी लावावी. एका बाजूचे झिजले तरी दोन्ही चाकांचे पॅड बदलावे. कॅलिपर रबरी नळीस लोंबकळूं न देतां तारेनें बांधावा. दट्ट्या मागें रेटतांना टांकी भरून वाहूं नये म्हणून लक्ष ठेवावें. या ऑइलनें रंग जातो. धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

हवा काढण्यास दोन माणसें लागतात. एकानें पेडल सावकाश दाबावें. दुसऱ्यानें चाकाजवळील निपल सैल करून पारदर्शक नळी ऑइल असलेल्या बाटलींत बुडवून धरावी. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडावें. बुडबुडे थांबेपर्यंत असें करावें व टांकी रिकामी होऊं देऊं नये. निघालेलें ऑइल पुनः घालूं नये. काम संपल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून, मगच मोकळ्या आवारांत सावकाश गाडी चालवून पाहावी.

मास्टर सिलिंडर, बूस्टर, लोखंडी नळ्या व एबीएस यांस मात्र हात लावूं नये. तें काम कुशल मेकॅनिकचें. ट्रॅक्टरवाल्यांनीं रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडलांची कडी जोडलेली आहे ना, हें आवर्जून पाहावें; एकच पेडल दाबलें गेल्यास भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटतो.

दर महिन्याच्या पहिल्या दिवशीं ऑइलची पातळी पाहून ती वहींत टिपून ठेवावी. एवढें करण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. वहींत तूट दिसली तर खुलासा मिळेपर्यंत गाडी दारांतच उभी ठेवावी.