चोवीस शब्दांची अमानत

पूर्णा आणि केळना नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादसारख्या जुन्या गावात गुप्तधनाची गोष्ट ऐकली नाही असा माणूस विरळा. कोणा पूर्वजाने हंड्यात नाणी भरून तो ओसरीखाली पुरला, जागा कोणास सांगितली नाही आणि एके दिवशी त्याने इहलोकाचा निरोप घेतला. धन जागच्या जागी सुरक्षित राहिले. पण पत्नीला तिचा आठवा हिस्सा मिळाला नाही, मुलामुलींना त्यांचा वाटा मिळाला नाही, आणि कोणाचे कर्ज असेल तर तेही फिटले नाही. चोरापासून धन राखण्यात तो यशस्वी झाला. वारसांचे नुकसान मात्र चोराने केले असते तेवढेच त्याच्या हातून झाले.

तोच हंडा आज नव्या रूपात आपल्या घरांत येऊ लागला आहे. पुण्यात, मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरी करणारा मुलगा आपल्या कमाईतून बिटकॉइन किंवा तत्सम आभासी चलन घेतो आणि ते राखण्यासाठी ‘हार्डवेअर वॉलेट’ नावाचे बोटाएवढे यंत्र आणून कपाटात ठेवतो. घरच्यांना ते पेनड्राइव्ह वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आभासी चलन बाळगणे वैध की अवैध, याविषयी उलेमांमध्ये एकमत नाही. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहारास मनाई करणारा निर्णय दिला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीयत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारात अशा मालमत्तेची खरेदी-विक्री तत्त्वतः अनुज्ञेय ठरवली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये तिचा चलन म्हणून वापर हराम ठरवला. हा लेख तो वाद मिटवण्यासाठी नाही, आणि ज्याच्याकडे असे धन नाही त्याने ते घ्यावे असेही आम्ही सुचवत नाही; संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. ज्याला शंका असेल त्याने विश्वासू मुफ्तींना विचारावे. परंतु ज्याच्याकडे ते आहे, किंवा जो त्यातून बाहेर पडू इच्छितो, त्याच्या हाती तोवर एक मालमत्ता आहे, आणि तिच्या रक्षणाची जबाबदारी त्याच्यावर आहे.

फिकहच्या ग्रंथांत ‘हिर्ज’ ही एक संज्ञा येते. ज्या मालाला जी जागा रूढीने सुरक्षित समजली जाते, ती त्याची हिर्ज. गुरांची हिर्ज गोठा, धान्याची कोठार, दागिन्यांची कुलूपबंद पेटी. मग ज्या धनाला आकारच नाही, त्याची हिर्ज कोणती? येथे बहुतेकांची समजूत चुकते. त्यांना वाटते की नाणी यंत्राच्या आत आहेत. यंत्रात एकही नाणे नसते. कोणाच्या खात्यावर किती आहे याची नोंदवही जगभरच्या हजारो संगणकांवर उघडी असते. यंत्रात असते ती फक्त गुप्त किल्ली, जिने सही केल्याशिवाय त्या खात्यातून काहीही हलत नाही. २०१४ मध्ये प्राग शहरातून असे पहिले यंत्र विक्रीस आले; त्यामागची कल्पना हीच होती की किल्लीने यंत्राबाहेर पडू नये, इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला ती दिसूही नये.

परंतु त्या किल्लीचेही एक मूळ आहे. यंत्र प्रथम सुरू करताना ते पडद्यावर १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवते. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून यंत्राने स्वतः, कोणताही क्रम न ठेवता निवडलेले असतात. यंत्र हरवले, जळाले, पुरात गेले, तरी हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात भरले की सारे धन परत हाती येते. आणि हेच शब्द परक्याच्या हाती लागले, तर त्याला तुमच्या यंत्राची गरजच उरत नाही. म्हणून रक्षण करायचे ते यंत्राचे नव्हे, या शब्दांचे.

जामेअ तिर्मिजीतील ती प्रसिद्ध हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास आणि मग विसंबण्यास सांगितले. या यंत्राच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे काय, ते आता पाहू.

यंत्र थेट निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. मित्राने वापरलेले, स्वस्तात मिळालेले घेऊ नये. खोक्यात शब्द आधीच छापलेला कागद निघाला तर समजावे की ही फसवणूक आहे. ज्याने तो छापला, तो तुम्ही पैसे ठेवण्याची वाटच पाहत आहे. लेजर या फ्रेंच कंपनीच्या सुमारे २ लाख ७० हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक २०२० मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींच्या घरी टपालाने नवी कोरी दिसणारी बनावट यंत्रे आली. जुने यंत्र असुरक्षित झाले आहे, आपले शब्द या नव्या यंत्रात भरा, असे सोबतच्या पत्रात लिहिले होते. कोणतीही खरी कंपनी, बँक किंवा सरकारी अधिकारी हे शब्द कधीही विचारत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

शब्द पेनाने कागदावर लिहावेत. फोनने त्यांचे छायाचित्र काढू नये, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नयेत, झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नयेत. फोनमधले छायाचित्र नकळत दूरच्या संगणकावर साठवले जाते, आणि मग ज्या किल्लीला इंटरनेटपासून दूर ठेवण्यासाठी आपण यंत्र घेतले ती तिथेच जाऊन बसते. आपल्या भागासाठी एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. हे शब्द देवनागरीत किंवा उर्दूत उतरवू नयेत; उच्चारावरून मूळ अक्षरे नेमकी कळतीलच असे नाही. यंत्रावर दिसतात तसेच, सुट्या मोठ्या अक्षरांत, पुढे क्रमांक घालून लिहावेत. कागदाला आगीची आणि पाण्याची भीती वाटत असेल तर पोलादी पट्टीवर अक्षरे ठोकून घेता येतात. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ओळख पटण्यास पुरतात. चोवीस शब्दांचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवण्याची युक्ती काही जण करतात. आम्हाला ती पसंत नाही, कारण एक तुकडा हरवला की सारेच गेले.

यानंतर पिन ठेवावा. तो काही वेळा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकते, काही यंत्रे तर तीनच चुकांनंतर. मग अशी एक परीक्षा घ्यावी, जी घाईत बहुतेक जण टाळतात. प्रथम अगदी थोडी रक्कम खात्यात घ्यावी. नंतर यंत्र मुद्दाम पुसून टाकावे आणि कागदावरचे शब्द भरून ते पुन्हा उभे करावे. रक्कम दिसली, तरच कागद खरा. ही परीक्षा न घेता मोठी रक्कम ठेवणे म्हणजे किल्ली कुलपाला लागते की नाही हे न पाहताच दार ओढून घेणे होय.

यंत्र असूनही धन कसे जाते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याचे आभासी चलन चोरीला गेले. त्या खात्यातून रक्कम हलवण्यास अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि कंपनीच्या सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, संगणकाच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. म्हणून पैसे पाठवताना रक्कम आणि पत्ता यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाचावा. तिथे नीट वाचता येत नसेल तर सही करू नये; न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नये, हे आपल्या शेतकरी वडीलधाऱ्यांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे आणि ते अधिक क्लेशदायक आहे. गेनबिटकॉइन प्रकरणात महाराष्ट्रासह देशभरातील हजारो कुटुंबांची पुंजी बुडाली. त्या तपासात पोलिसांना मदत करण्यासाठी ज्यांना सायबर तज्ज्ञ म्हणून घेतले होते, त्यांच्यापैकी दोघांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील चलन त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. न्यायनिवाडा न्यायालय करील. आपल्यासाठी एवढे पुरेसे की येथे ‘दाखवणे’ आणि ‘देणे’ यांत अंतर नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून यंत्र सुरू करून घेणे सोयीचे वाटते. परंतु शब्द पडद्यावर आले तेव्हा तो शेजारी बसला होता, तर ते धन तुम्हा दोघांचे झाले.

यंत्रात दुसऱ्याचे धन असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. पत्नीची मेहर तिची आहे, पतीची नव्हे. अनाथ पुतण्याचा वाटा त्याचा आहे. सूरह अन-निसाच्या ५८व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवण्याचा आदेश आहे, आणि हिजरतच्या रात्री प्रेषित (स.) यांनी मक्केतील लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते, जे लोक जीवावर उठले होते त्यांच्याही ठेवी त्यांत होत्या. फिकहचा नियम असा की अमानतदाराने योग्य काळजी घेतली आणि तरीही माल गेला, तर भरपाई त्याच्यावर येत नाही; हलगर्जीपणा केला तर येते. शब्दांचे छायाचित्र फोनमध्ये ठेवणे यास हलगर्जीपणाखेरीज दुसरे नाव देता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

आता पुन्हा त्या हंड्याकडे वळू. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार, ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत. वारसांचे हिस्से अल्लाहने ठरवून दिले आहेत. ते आपण बदलायचे नाहीत. आपले काम एवढेच की त्यांना धनापर्यंत पोहोचता यावे. यासाठी एक पत्र लिहावे. त्यात शब्द लिहू नयेत. असे धन आहे, यंत्र अमुक ठिकाणी आहे, शब्दांचा कागद अमुक ठिकाणी आहे, देणेकऱ्यांची यादी ही, आणि मदत लागल्यास घरातील अमुक जाणत्या माणसाला बोलवावे, पण त्याच्या हाती एकट्याने कागद देऊ नये, एवढे त्यात असावे. यंत्र आणि कागद एकाच कपाटात नकोत; यंत्र घरी, तर कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या घरी, बंद पाकिटात. यंत्राला जादा सांकेतिक शब्द लावण्याचीही सोय असते. तो लावला आणि कोठे लिहिला नाही, तर चोवीस शब्द हाती येऊनही वारसांना खाते रिकामेच दिसेल. ज्याला हे सांभाळता येणार नाही त्याने तो लावूच नये.

पत्र लपवण्यासाठी नाही. आई किंवा पत्नी यांपैकी एकीला तरी ते कोठे आहे हे तोंडी सांगावे. बायकांना यातले काय कळणार, हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. त्यांना यंत्र चालवता आले नाही तरी चालेल. पाकीट कोठे आहे एवढे कळले की पुरे.

जकातीचा हिशेब करताना, जे उलेमा या मालमत्तेस माल मानतात त्यांच्या मते, वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच टक्के द्यावे लागतात. विक्रीवर नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून सरकारचा ३० टक्के कर आहे, तोही बुडवू नये. बहुतेक कुटुंबांत जकातीचा हिशेब रमजानमध्ये होतो. त्याच दिवशी पाकीट उघडून पाहावे: अक्षरे पुसट झाली नाहीत ना, यंत्र सुरू होते ना, पत्रात ज्या माणसाचे नाव लिहिले तो अजून हयात आणि विश्वासू आहे ना. मग पाकीट पुन्हा बंद करून त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी.