विणाऱ्या शेळीचा निवारा
(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर, गणित व भूगोल यांचा जोडपाठ)

खानदेशातील खेड्यात शेळी नाही अशी गल्ली क्वचितच आढळेल. तापीकाठच्या केळीबागांच्या गावात असो, साक्री-शिंदखेड्याच्या माळरानावर असो, की चोपडा, यावल, शिरपूरकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर असो, ज्या घरी शेत नाही त्या घरीही दोन-चार शेळ्या असतात. अशा घराला शेळी ही चालतीबोलती ठेवच होय. आजारपण, लग्नकार्य, मुलांची वह्या-पुस्तके यांपैकी कशाची तरी गरज एका करडाच्या विक्रीतून भागते. ते करडू जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत दगावले तर त्या घराची वर्षाची आखणी कोलमडते. आणि पुष्कळदा ते एखाद्या मोठ्या रोगाने दगावत नाही; गारठा, ओल व उपासमार या तीन साध्या कारणांनी दगावते. ही तिन्ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत. मात्र त्यांची तजवीज शेळी विण्यापूर्वी झाली पाहिजे. विल्यानंतर रात्री कंदील घेऊन गोणपाट शोधीत फिरण्यात अर्थ नसतो.

हा पाठ दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्यावा. पावसाळ्याच्या आरंभी फळलेल्या शेळ्या मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे नेमक्या थंडीच्या तोंडावर वितात. जळगाव व धुळे येथे डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे तापमान कित्येकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. ओले करडू अशा रात्री उघड्या ओट्यावर पडले, तर सकाळपर्यंत त्याच्यात त्राण उरत नाही.

आरंभ गणिताने करावा. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. चार-पाच दिवस मागेपुढे होतात. १० जुलै रोजी फळलेली शेळी केव्हा विईल, हा प्रश्न फळ्यावर मांडावा. जुलैचे उरलेले २१ दिवस, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ व नोव्हेंबरचे ३० मिळून १४३ होतात. राहिलेले ७ डिसेंबरात जातात. म्हणजे ७ डिसेंबर. त्याच्या १५ दिवस आधी, २२ नोव्हेंबरपर्यंत, जागा तयार असावी. दुसरे उदाहरण २० ऑक्टोबरचे द्यावे. त्याचे उत्तर १९ मार्च येते, पण लीप वर्षी १८ मार्च. हा एक दिवसाचा फरक का पडला, हे मुलांना शोधू द्यावे. सांगून टाकू नये. ज्यांच्या घरी गाभण शेळी आहे त्यांनी फळल्याची तारीख आईला किंवा आजीला विचारून वहीत लिहावी. "पोळ्याच्या आधीच्या बाजाराला" असे उत्तर आले, तर तेही चालेल. पंचांग पाहून त्याची तारीख काढणे हाही पाठाचाच भाग होय.

आता जागा. येथे भूगोलाचा खरा उपयोग आहे आणि या भागासाठी दोन तासिका खर्च झाल्या तरी हरकत नाही.

शाळेच्या अंगणात एक हात लांबीची काठी सरळ उभी रोवावी. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सर्वांत आखूड होते व ती नेमकी उत्तरेकडे पडते. ती मोजली असता जवळजवळ काठीइतकीच भरते. जळगाव व धुळे ही दोन्ही ठिकाणे सुमारे २१ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवर असतो. हीच काठी मे महिन्याच्या अखेरीस पाहिली, तर सूर्य डोक्यावर येऊन दुपारी सावली पायाशीच नाहीशी झालेली दिसते. शाळा तेव्हा बंद असते. म्हणून ते निरीक्षण मुलांनी घरी करून जूनमध्ये सांगावे.

या एका काठीवरून गोठ्याची दिशा ठरते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या छपराखाली हिवाळ्यात ऊन शिरते व उन्हाळ्यात तेच छप्पर सावली धरते. छपराची पुढची कड जमिनीपासून ५ फूट उंच असेल, तर डिसेंबरातील दुपारचे ऊन त्या कडेच्या खालच्या रेषेपासून ५ फूट आतपर्यंत पोहोचते. वळचण २ फूट पुढे काढली, तर ते खोलीच्या आत ३ फूटच येईल. पावसाच्या झडीसाठी वळचण हवी आणि उन्हासाठी ती फार नको, हा पेच मुलांना वहीत आकृती काढून सोडवू द्यावा. थंडीत वारा बहुधा उत्तरेच्या अंगाने येतो, म्हणून त्या बाजूची भिंत भरीव असावी. वेगळा गोठा बांधण्याची ऐपत फार थोड्यांची असते. त्याची गरजही नाही. आहे त्या गोठ्याचा किंवा पडवीचा एक कोपरा, दक्षिणोत्तर ५ फूट व पूर्वपश्चिम ४ फूट, तुराट्यांचा कुड घालून वेगळा केला की एका शेळीला तो पुरतो. तिला जुळी झाली तरी अडचण पडत नाही. कुडाला शेणमातीने लिंपावे. पण लिंपण आधीच करावे, कारण ओल्या भिंतीचा गारवा करडाला बाधतो. लिंपणाच्या वर, छपराखाली, हातभर उंचीची मोकळी पट्टी ठेवावी.

ही पट्टी कशासाठी, याचे उत्तर मुलांना स्वतःच्या नाकाने मिळू शकते. सकाळी बंद गोठ्यात उभे राहिले असता फारसा वास येत नाही. तेथेच बसून, शेळीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेतला तर डोळे चुरचुरतात. मूत्रातून निघणाऱ्या अमोनिया वायूचा हा वास असतो. उभ्या माणसाला तो जाणवत नाही, म्हणून गोठा "उबदार" आहे असे वाटते. करडू मात्र जमिनीलगत तोच वायू रात्रभर ओढते व त्याची फुप्फुसे दुखावतात. उब पाहिजे, पण कोंडलेली हवा नको. ऊबेसाठी आत शेकोटी पेटविण्याची चाल तर सर्वस्वी सोडावी. धूर वाईट, आणि कडबा-तुराट्यांच्या आडोशाला एक ठिणगी पुरे होते. विजेचा दिवा लावायचा असल्यास तार व दिवा शेळीच्या तोंडाला पोहोचणार नाही इतका उंच, मोठ्या माणसाने टांगावा.

जमिनीची तयारी ही सर्वांत कष्टाची व सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती ओल धरून ठेवते; वरून कोरडी दिसली तरी खाली ती गार असते. म्हणून कोपऱ्यातील वरची ३-४ इंच माती खणून उकिरड्यावर टाकावी, तिच्या जागी कोरडा मुरूम भरून चोपावा व ५ फुटांत २ इंच असा उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. त्यावर विरलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरून दोन-तीन दिवस ऊन लागू द्यावे. कळीच्या चुन्याला मुलांनी हात लावू नये. नंतर अंथरूण. दादरीच्या कडब्याचे बारीक तुकडे, गव्हाचा भुसा किंवा वाळके मऊ गवत चार बोटे जाड पसरावे. कुसळाचे गवत घेऊ नये. ते कासेला व करडाच्या डोळ्यांना टोचते. खतांची प्लॅस्टिकची पोती अंथरणे सोपे असले तरी ती ओल शोषत नाहीत, उलट मूत्र साठवतात. जुने गोणपाट चांगले. पाण्याचे भांडे रुंद व खोल असू नये, कारण नवजात करडे बादलीत पडून बुडतात.

शेळीला या कोपऱ्यात विण्यापूर्वी आठवडाभर तरी रात्री बांधण्याची सवय लावावी. तिचे दूध त्याआधी दीड-दोन महिने आटविलेले असावे. कास भरणे, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडणे, पायाने अंथरूण उकरणे, उठबस करणे ही वेळ जवळ आल्याची चिन्हे होत. कळा सुरू झाल्यावर मुलांनी भोवती गर्दी करू नये, शेळी बुजते. जोराच्या कळा येऊन अर्ध्या-पाऊण तासात काहीच पुढे सरकले नाही, तर स्वतः हात न घालता पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा दूरध्वनी क्रमांक १९६२ आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ज्या वर्षी स्थापन झाल्या, त्या वर्षाचाच हा आकडा असल्याने मुलांच्या तो सहज लक्षात राहील.

करडू जन्मताच नाकातोंडातील चिकटा पुसून त्याला शेळीपुढे ठेवावे. ती चाटते, त्यानेच ते निम्मे कोरडे होते. नाळ दोन-तीन बोटे राखून, स्वच्छ दोऱ्याने बांधून कापावी व टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नाळेला राख किंवा शेण लावण्याची रीत असेल, तर तिने धनुर्वाताला वाट मिळते हे स्पष्ट सांगावे.

चिकाविषयी मात्र शिक्षकाला थोडे जपून बोलावे लागेल. जार पडल्याशिवाय करडाला पाजायचे नाही, अशी समजूत अनेक घरांत आहे आणि ती सांगणारी आजी मुलाला गुरुजींपेक्षा अधिक जवळची असते. तिला अडाणी ठरवून काही साधत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, करडू जन्मतःच रोगाशी झगडण्याचे बळ घेऊन येत नाही. ते त्याला चिकातून मिळते. ते बळ शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची शक्ती तासागणिक कमी होत जाते व दिवसभरात जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २ किलोच्या करडाला सुमारे २०० ग्रॅम, मिळाला पाहिजे. शिवाय करडू सड ओढू लागले की शेळीचे गर्भाशय आकुंचन पावते व जार पडण्यास मदतच होते. आजीची इच्छा जार पडावा हीच असते. ती याच मार्गाने लवकर पुरी होते, असे मुलाने घरी सांगितले तर वाद होण्याचे कारण उरत नाही. १२ तासांनंतरही जार न पडल्यास तो ओढू नये, डॉक्टरांना दाखवावे.

एक सूचना विसरून चालणार नाही. जार, मेलेले करडू किंवा गाभडलेल्या शेळीचा स्राव यांना मुलांनी उघड्या हाताने स्पर्श करू नये. गर्भवती स्त्रियांनी तर त्यापासून दूरच राहावे. शेळ्यांच्या गर्भपाताचे काही रोग माणसालाही होतात. ब्रुसेला जंतूमुळे होणारा ताप त्यांपैकी एक. या वस्तू कुत्र्यांना न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात.

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेपासून हातकामातून शिक्षणाची चर्चा चालत आली आहे. या पाठाला त्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. शाळेच्या अंगणात तुराट्या, माती व मुरूम वापरून फूटभर लांबीचा नमुना गटागटांनी करावा. त्यावर पाणी शिंपडून कोणाचा कोपरा आधी कोरडा होतो ते पाहावे आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे व उत्तरेकडे ठेवून आतील ऊन मोजावे. ज्यांच्या घरी शेळी नाही त्यांना मोजमापाचे व नोंदीचे काम द्यावे, म्हणजे ते मागे पडत नाहीत.

शेळी विण्याच्या दिवसांत काही मुली वर्गात दिसत नाहीत, कारण घरातील मोठी माणसे कापूस वेचणीला गेलेली असतात व राखण मुलीकडे येते. हजेरीपत्रकात नुसती गैरहजेरी मांडून थांबू नये. आधी काढलेल्या तारखांवरून कोणत्या घरी कोणत्या आठवड्यात शेळी विणार हे शिक्षकाला ठाऊक असते. त्या आठवड्यापूर्वी पालकांना भेटून राखणीची सोय दुपारपुरती शेजारी करता येईल का, हे विचारावे. मुलगी परत आल्यावर तिच्याकडून करडाचे जन्माचे व आठव्या दिवसाचे वजन, पहिला चीक किती वेळाने मिळाला ती वेळ व त्या रात्रीचे हवामान वर्गाच्या नोंदवहीत लिहून घ्यावे. वजन झोळीत घालून तागडीने करावे व दोन्ही वेळा तीच झोळी वापरावी.